लोहाऱ्याची टेकडी आणि जमशेटजी

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही हे धानाचे गाव. ताडोबाच्या जंगलाशेजारचा हा तालुका नागभीड-चांदाफोर्ट रेल्वेमार्गावर आहे आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्रही येथेच आहे. धानामागे भातगिरण्या आल्या, गिरण्यांमागे कोठारे आली आणि गेल्या काही दशकांत ही कोठारे लोखंडी खांब, कैच्या व टिनाचे पत्रे यांची होऊ लागली. वैशाखात वादळ सुटते, पत्रे उडतात, कधी अख्खी कैची आडवी होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते आणि आठवडाभरात तेच पत्रे, तेच हुकबोल्ट लावून शेड पुन्हा उभे राहते.

या परिसराचे लोखंडाशी असलेले नाते मात्र टिनाच्या पत्र्याहून फार जुने आहे. सिंदेवाहीच्या परिसरातच लोहारा नावाचे ठिकाण आहे. नावातच व्यवसाय आलेल्या या गावाजवळच्या टेकडीत उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि इंग्रजांच्या काळात येथील लोहार कोळशाच्या लहान भट्ट्यांत त्याचे लोखंड गाळीत, हे त्या काळच्या सरकारी नोंदींत आढळते. भारतातल्या पहिल्या मोठ्या पोलाद कारखान्याचे स्वप्न ज्याने पाहिले, त्याच्या मनात ते स्वप्न याच टेकडीवरच्या एका अहवालाने पेरले. जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या चरित्रात जमशेदपूरला मोठे स्थान मिळते आणि ते रास्तच आहे. चांद्याच्या जंगलाला मिळतो तो एखादा परिच्छेद.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी ती परंपरा मोडून मुंबईत व्यापार सुरू केला. मुलाने एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण पूर्ण केले, १८५८ मध्ये तो वडिलांच्या पेढीत शिरला आणि पुढच्याच वर्षी हाँगकाँगला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ते युद्ध संपताच बाजार कोसळला आणि त्यावेळी लंडनमध्ये असलेल्या तरुण जमशेटजींना धनको मंडळींना तोंड द्यावे लागले. त्यांनी देणी लपवली नाहीत. त्यांच्या सरळ वागण्याचा परिणाम असा झाला की धनकोंनी त्यांनाच व्यवहार निस्तरण्याच्या कामी नेमले. १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीची एक बुडालेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांत ती नफ्याने विकून टाकली.

त्यानंतरचा त्यांचा निर्णय मुंबईतल्या शेठ मंडळींना वेडेपणाचा वाटला. गिरणी मुंबईत काढायची हा तेव्हाचा शिरस्ता होता. जमशेटजींनी नागपूर निवडले. कापूस वऱ्हाडात पिकतो, दगडी कोळसा चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला निघतो, बाजारपेठ आसपास आहे, मग कापूस मुंबईला नेऊन कापड परत का आणायचे, हा त्यांचा साधा हिशेब होता. १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात घेण्यात आली. तो खड्डा मातीने भरताना पाहून एका स्थानिक सावकाराने पैसे गुंतवण्यास नकार दिला, कारण त्याच्या मते हा गृहस्थ जमिनीत सोने पुरत होता. पुढे त्याच सावकाराने आपण चुकलो, या माणसाने माती घातली आणि सोने काढले, अशी कबुली दिल्याचे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला भारतसम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस मिल पडले.

नागपूरची ही गिरणी जमशेटजींची खरी शाळा ठरली. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आणलेले बेझनजी दादाभाई मेहता यांना कापडाची काहीच माहिती नव्हती, त्यांच्याकडे व्यवस्थापन सोपवले. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या लँकेशायरच्या जाणकाराने सांभाळली. पहिली काही वर्षे यंत्रे निकृष्ट निघाली आणि सूतही बेतास बात निघे. जमशेटजींनी ती यंत्रे काढून टाकली, नवी आणली आणि इंग्लंडमध्येही अद्याप सार्वत्रिक न झालेल्या रिंग चात्यांचा प्रयोग नागपुरात करून पाहिला.

गिरणीच्या इमारतीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. त्या काळी गिरणी म्हणजे यंत्रे झाकणारे छप्पर, एवढीच बहुतेकांची समजूत होती. छपराखालचा माणूस हा हिशेबात येत नसे. कापसाचा पिंजलेला तंतू हवेत उडत असतो, यंत्राच्या घर्षणाने एक ठिणगी पडली तरी दालनच्या दालन पेटते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तर सूतही तुटते आणि आगीचे भयही वाढते. जमशेटजींनी एम्प्रेस मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रणा आणि आग लागताच आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा बसवली. फवाऱ्याचे हे तंत्र तेव्हा अमेरिकेतही नवेच होते. भारतात १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला होता, पण त्याचा रोख मुलांच्या कामाचे तास आणि यंत्रांभोवतीचे कठडे यांवर होता. अशा फवाऱ्यांची सक्ती कोणीही केलेली नव्हती. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. यात केवळ भूतदया होती असे मानण्याचे कारण नाही. दमट हवेत सूत कमी तुटे आणि सुरक्षित गिरणीत माणूस टिकून राही, हे व्यापाऱ्याचे गणितही त्यात होते. मात्र हे गणित मांडण्याइतकी दूरदृष्टी इतर मालकांपैकी फार थोड्यांजवळ होती.

याच सुमारास बांधकामाच्या जगात एक मोठा धक्का बसला होता. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरचा नवा रेल्वे पूल वादळात कोसळला आणि त्यावरून जाणारी गाडी सर्व प्रवाशांसह नदीत गेली. सुमारे ७५ माणसे दगावली. चौकशीत दोन गोष्टी बाहेर आल्या. पुलाचे रचनाकार सर थॉमस बाउच यांनी वाऱ्याच्या दाबाचा वेगळा हिशेब केलाच नव्हता, आणि ओतीव लोखंडाच्या खांबांत पडलेली भोके लांबीसारख्या मिश्रणाने बुजवून ते बसवण्यात आले होते. आराखड्यात वारा विसरला गेला आणि कारखान्यात कसोटी. त्यानंतर ब्रिटनमध्ये रेल्वे पुलांसाठी दर चौरस फुटास ५६ पौंड, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २७३ किलो, इतका वाऱ्याचा दाब धरण्याचा नियम आला. १८९० मध्ये पुरा झालेला फोर्थचा पोलादी पूल या नियमानुसार बांधला गेला. १९०१ मध्ये लंडनला अभियांत्रिकी प्रमाण समिती स्थापन झाली आणि तिने इमारतींच्या पोलादी गर्डरांचे १७५ आकार ११३ वर आणले. पोलाद कसे असावे, किती ताण सोसावे, कोणी तपासावे याची शिस्त अशी हळूहळू तयार होत होती. जमशेटजींना ज्या बाजारात उतरायचे होते तो हा होता.

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या खाणतज्ज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला. चांदा जिल्ह्यात लोखंडाचा उद्योग किफायतशीर होईल काय, हा त्याचा विषय. त्यात लोहाऱ्याच्या खनिजाची स्तुती होती आणि वरोऱ्याचा कोळसा फार दूर नाही हेही नमूद होते. जमशेटजी तेव्हा ४३ वर्षांचे होते. तरुणपणी मँचेस्टरला त्यांनी टॉमस कार्लाइलचे व्याख्यान ऐकले होते आणि ज्या राष्ट्राच्या हाती लोखंड त्याच्याच हाती पुढे संपत्ती जाते हा विचार तेथून त्यांच्या मनात घर करून होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लोहारा तर नागपूरच्या गिरणीपासून हाकेच्या अंतरावर म्हणावे असे. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासून घेतले. निकाल निराशाजनक आला. हा कोळसा इंजिने चालवायला ठीक, पण भट्टीत खनिज वितळवण्यासाठी लागणारा कोक त्यापासून होईना. सरकारचे खाणींबाबतचे नियमही इतके जाचक होते की भांडवल घालणाऱ्याला कसलीच शाश्वती नव्हती. जमशेटजींनी कागद बाजूला ठेवले.

बाजूला ठेवले, पण विसरले नाहीत. मधल्या १७ वर्षांत त्यांनी मुंबईत स्वदेशी मिल चालवली, जहाज कंपन्यांच्या चढ्या भाड्याविरुद्ध जपानी कंपनीच्या साह्याने लढा दिला आणि त्यात हार पत्करली. हुशार विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्यासाठी १८९२ मध्ये निधी उभारला, विज्ञान संस्थेची योजना आखली. १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलसाठी त्यांनी पॅरिसहून लोखंडी खांब आणवले, असे सांगितले जाते.

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी खाणींचे नियम सैल केले. त्याच सुमारास मेजर महॉन यांचा भारतातील लोखंड उद्योगाविषयीचा अनुकूल अहवाल आला. जमशेटजी साठीला आले होते. त्यांनी लंडनला भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांची भेट घेऊन पाठिंबा मिळवला आणि चांदा जिल्ह्यात शोध घेण्याचे परवाने काढले. १९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले. क्लीव्हलंड, पिट्सबर्ग येथील भट्ट्या त्यांनी स्वतः पाहिल्या, अलाबामातील बर्मिंगहॅम पाहिले. ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्याने त्यांना आधी शास्त्रीय पाहणी करा, मगच पैसा घाला, असे बजावले आणि न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांचे नाव सुचवले. परक्या वेषातला एक अनोळखी वृद्ध पेरिन यांच्या कचेरीत शिरला, त्याने भारतात येण्याविषयी विचारले आणि पेरिन त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच तयार झाले, ही कथा प्रसिद्ध आहे. पेरिन यांनी प्रथम आपले सहकारी सी. एम. वेल्ड यांना पाठवले.

वेल्ड, जमशेटजींचे थोरले पुत्र दोराबजी आणि भाचे शापूरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात उतरले. (हेच शापूरजी पुढे ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये कम्युनिस्ट सदस्य म्हणून गाजले.) बैलगाडीचा प्रवास, वाघांचा मुलूख, पाण्याचा दुष्काळ. प्यायला पाणी मिळेना तेव्हा सोडावॉटरचा चहा केल्याचीही आठवण सांगितली जाते. लोहाऱ्याला खनिज होते, चांगलेही होते, परंतु सलग नव्हते. मोठी भट्टी वर्षानुवर्षे चालवायची तर जेवढा साठा हवा तेवढा येथे मिळण्याची खात्री वेल्ड यांना देता येईना. त्यांनी स्पष्ट नकार दिला. येथे वेल्ड यांचे महत्त्व आहे. मालकाची २० वर्षांची इच्छा, त्याचे वय, खर्ची पडलेला पैसा, यांतली एकही गोष्ट त्यांनी मापात धरली नाही. जमशेटजींनीही तो निकाल मानला.

शोध संपल्याचे कळवण्यासाठी दोराबजी नागपूरला मुख्य आयुक्तांच्या कचेरीत गेले. आयुक्त यायचे होते, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात वेळ काढू लागले. तेथे मध्य प्रांताचा एक भूगर्भीय नकाशा टांगलेला होता आणि दुर्ग जिल्ह्याचा भाग लोहखनिज दाखवणाऱ्या गडद रंगाने रंगवलेला होता. प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने ती नोंद केली होती. वेल्ड यांनी तिकडे धाव घेतली, तेव्हा पायाखाली खणखणणारी धल्ली-राजहराची टेकडी त्यांना सापडली. तेथेही कोळसा आणि पाणी जवळ नसल्याने बेत पुढे सरकला नाही. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी बोस यांनीच मयूरभंजच्या खनिजाविषयी पत्र लिहिले आणि शोधाची दिशा कायमची पूर्वेकडे वळली.

हे सारे पाहायला जमशेटजी राहिले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले आणि इंग्लंडमधील ब्रूकवुड येथे त्यांना दफन करण्यात आले. भट्टी नाही, जागा नाही, कंपनीही नाही, अशा अवस्थेत स्वप्न मुलांच्या हाती आले. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली. लंडनच्या बाजाराने पाठ फिरवली तेव्हा तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी सारे भांडवल उभे केले. मयूरभंजचे खनिज, झरियाचा कोळसा आणि सुवर्णरेखा-खरकाईचे पाणी यांच्या मध्ये साकची हे खेडे होते. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी तेथे पोलादाची पहिली लगड निघाली.

तरीही एक कसोटी उरली होती. सरकारने दरवर्षी २० हजार टन रूळ घेण्याचे मान्य केले होते, पण रूळ ठरलेल्या प्रमाणात उतरले तरच. रेल्वेचे प्रमुख सर फ्रेडरिक अपकॉट यांनी तर टाटांनी ब्रिटिश प्रमाणाचे रूळ बनवलेच, तर त्यातला प्रत्येक पौंड आपण खाऊन दाखवू, असे म्हटले होते. पहिल्या महायुद्धात या कारखान्याचे १५०० मैलांचे रूळ मेसोपोटेमियाला गेले आणि अपकॉट शब्दाला जागले असते तर त्यांना अपचन झाले असते, अशी कोपरखळी दोराबजींनी मारली. विनोद बाजूला ठेवला तर अपकॉट यांची शंका अगदीच वावगी नव्हती. रूळ तुटला तर गाडी जाते. प्रमाणपत्राशिवायचे पोलाद ते इंग्लंडचे असो की साकचीचे, घेणे धोक्याचेच. टाटांनी सवलत मागण्याऐवजी प्रमाण गाठले, हे खरे उत्तर होते. २ जानेवारी १९१९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी साकचीला जमशेटजींचे नाव दिले.

स्वतंत्र भारताने ही शिस्त आपल्या हाती घेतली. १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली. पोलादी बांधकामाचे मानक, आयएस ८००, प्रथम १९५६ मध्ये आले आणि २००७ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. वाऱ्याच्या भारासाठीचे आयएस ८७५, भाग तीन, २०१५ मध्ये सुधारले गेले. त्यात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. हा रोजचा वारा नव्हे. मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवर, सरासरी ५० वर्षांतून एकदा गाठला जाईल असा, तीन सेकंदांच्या झोताचा हा वेग आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ४४ मीटरच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भरतो. प्रत्यक्ष आराखड्यात उंची, आडोसा, छपराचा उतार यांनुसार तो कमीजास्त होतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन मात्र दर चौरस मीटरला जेमतेम पाच किलो असते.

म्हणूनच शेड वाऱ्याने दबून पडण्यापेक्षा वर उचलले जाऊन मोडते. छपरावरून जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो. त्याच वेळी कोठाराचे मोठे दार उघडे असेल, तर आत शिरलेला वारा खालून रेटतो आणि दोन्हींची बेरीज होते. सर्वाधिक ओढ कडांना आणि कोपऱ्यांना असते, तेथे हुकबोल्ट जवळजवळ हवेत. आपल्याकडे ते सर्वत्र सारख्या अंतरावर आणि शक्य तितके कमी लावले जातात. दोन खांबांमधल्या तिरप्या पट्ट्या, ज्यांना कारागीर ब्रेसिंग म्हणतात, त्या शेडला एका बाजूला कलंडू देत नाहीत. मालाची ने-आण करताना आड येतात म्हणून त्या कापून टाकल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पाया तर केवळ वजन पेलण्यासाठी असतो अशी समजूत आहे. हलक्या शेडच्या बाबतीत त्याचे मुख्य काम खांब धरून ठेवण्याचे असते आणि त्यासाठी काँक्रीटचे पुरेसे वजन जमिनीत लागते. शेड उभारून घेणाऱ्याने आराखड्यावर संरचना अभियंत्याची सही, त्यात धरलेला वाऱ्याचा वेग आणि पोलादाचे चाचणी प्रमाणपत्र या तीन गोष्टी मागितल्या, तर उभारणाऱ्याला उत्तर द्यावेच लागते. किलोमागचा दर तेवढा विचारून काम सोपवण्याची रीत अजूनही गेलेली नाही.

लोहाऱ्याला टाटांची भट्टी पेटली नाही. दोराबजींनी नागपूरच्या नकाशावर पाहिलेल्या धल्ली-राजहराचे खनिज पुढे भिलाईच्या सरकारी कारखान्याला मिळाले. तेथील भट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. चांद्याच्या पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागडच्या डोंगरावर अलीकडच्या वर्षांत लोहखनिजाचे मोठे उत्खनन सुरू झाले आहे. नागपूरची एम्प्रेस मिल बंद पडली आणि तिच्या जागेवर त्याच नावाचे व्यापारी संकुल उभे आहे. सिंदेवाहीच्या भातगिरण्यांवरचे पत्रे आणि अँगल आज कोठल्या ना कोठल्या कारखान्यातून येतात. त्यांच्यावर मानकाचा शिक्का असतो किंवा नसतो, आणि वैशाखातला वारा पहिल्यांदा तोच तपासतो.